घरी येणाऱ्या मावशी, ब्रदर आणि ब्युरो: छोट्या होमकेअर सेवेचा दर्जा कसा ओळखायचा?

"अर्जंट. आईला उद्या डिस्चार्ज मिळतोय. दिवसा १२ तासांसाठी मावशी हव्या आहेत. कोणाकडे खात्रीच्या ब्युरोचा नंबर आहे का?"

तुमच्या सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज तुम्ही नक्की पाहिला असेल. पाच मिनिटांत तीन-चार नंबर येतात. कोणी तरी लिहितं, "आमच्या सासऱ्यांना यांच्याकडच्या मावशी होत्या, खूप छान होत्या." संध्याकाळपर्यंत फोन होतो, दर ठरतो, ॲडव्हान्स जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता एक अनोळखी बाई पिशवी घेऊन दारात उभी असते. तासाभरात घरातले कामावर निघून जातात आणि आई तिच्या भरवशावर असते.

या सगळ्यात एक गोष्ट निसटते. ग्रुपवर कौतुक झालं ते मावशींचं, पण तुम्ही पैसे देताय ते ब्युरोला. त्या छान मावशी आज दुसऱ्याच घरी असतील. तुमच्याकडे कोण येणार, आणि ती व्यक्ती आली नाही तर काय होणार, हे ब्युरोवर अवलंबून आहे. मग या ब्युरोचा दर्जा तपासायचा कसा? आणि तो आपणच का तपासायचा? सरकारी यंत्रणा काय करते?

हा प्रश्न आत्ताच इतका मोठा का झाला?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण ९.९ टक्के होतं, म्हणजे सुमारे १ कोटी ११ लाख लोक. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १४.९ कोटी ज्येष्ठ नागरिक होते. २०५० पर्यंत हा आकडा ३४.७ कोटींवर जाईल, म्हणजे दर पाच भारतीयांमागे एक ज्येष्ठ, असा अंदाज त्यात आहे.

दुसरीकडे घरं लहान झाली आहेत. मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला आणि आई-बाबा कोथरूड किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. खुब्याचं ऑपरेशन, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन्स अशा आजारांत हॉस्पिटलमधले दिवस थोडे आणि घरचे महिने जास्त असतात. ही पोकळी भरतात ते ब्युरो. यात मोठ्या कंपन्या आहेत, तशीच दोन फोन, एक रजिस्टर आणि वीस-पंचवीस जणींची यादी एवढ्या भांडवलावर चालणारी छोटी सेवाही आहे. निमशहरी भागात तर अनेकदा एवढा एकच पर्याय असतो.

पाटीवरच्या 'सरकारमान्य' शब्दाचा अर्थ काय?

बहुतेक वेळा फारच थोडा. 'शासन नोंदणीकृत' असं लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न विचारा: कोणत्या कायद्याखाली?

अनेकदा तो कागद शॉप ॲक्टचा निघतो. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हाच दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून सूट मिळाली. त्यांनी व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, एवढंच. कधी तो कागद उद्यम नोंदणीचा असतो. ती लघुउद्योजकाने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. आयएसओचं प्रमाणपत्र असेल, तर ते कामकाजाच्या पद्धतीबद्दल खासगी संस्थेने दिलेलं असतं.

यातला कोणताही कागद खोटा नाही. पण आजीला कुशीवर कसं वळवायचं हे मावशींना येतं का, हे यातला एकही कागद सांगत नाही.

वॉचमनच्या एजन्सीसाठी कायदा आहे, मावशींच्या ब्युरोसाठी?

ही तुलना करून पाहा. सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीसाठी २००५ पासून केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे. तिला राज्याचा परवाना लागतो, रक्षकाची पूर्वपडताळणी आणि प्रशिक्षण बंधनकारक आहे. गेट ओलांडून थेट बेडरूमपर्यंत येणाऱ्या केअरटेकरच्या एजन्सीसाठी मात्र असा देशभर लागू होणारा स्वतंत्र कायदा नाही.

हॉस्पिटलसाठी महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, तो १९४९ चा. त्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या 'जागे'भोवती फिरते: जिथे रुग्णाला ठेवून घेतात आणि उपचार करतात ती जागा. होमकेअरमध्ये जागा तुमचीच असते.

हे बदलण्याचा एक प्रयत्न झाला होता. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा दुरुस्त करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानकं, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. ते स्थायी समितीकडे गेलं, पण मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्दबातल ठरलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नीती आयोगाने ज्येष्ठांच्या देखभालीतल्या सुधारणांवर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केलं. म्हणजे प्रश्न कागदावर मान्य आहे. पण उद्या सकाळी आठ वाजता तुमच्या दारात तपासनीस येणार नाही.

इंग्लंडमध्ये घरी जाऊन देखभाल करणाऱ्या एजन्सींची तपासणी केअर क्वालिटी कमिशन ही संस्था करते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेप्रमाणे बदलते का आणि नीट चालवली जाते का, या पाच प्रश्नांवर ती श्रेणी देते आणि अहवाल जाहीर करते. आपल्याकडे हे काम सध्या कुटुंबालाच करावं लागतं.

छोटी सेवा म्हणजे कमी दर्जाची का?

नाही. छोट्या ब्युरोची चालक अनेकदा स्वतः निवृत्त नर्स असते, प्रत्येक मावशीला नावानिशी ओळखते, कोणाच्या घरी कोण टिकेल हे तिला कळतं. रात्री अकराला फोन केला तर कॉल सेंटर नाही, ती स्वतः उचलते. हे मोठ्या कंपनीत मिळेलच असं नाही.

छोट्या सेवेची कमजोरी वेगळीच आहे. तिच्याकडे बदलीची माणसं कमी असतात. दिवाळी, गणपती, गावची जत्रा किंवा मे महिन्यातली लग्नं आली की एकाच वेळी पाच जणी सुट्टीवर जातात. दुसरी कमजोरी कागदाची. सगळं चालकाच्या डोक्यात असतं, लिहिलेलं काही नसतं. म्हणून छोट्या सेवेला प्रश्न विचारताना या दोन जागांवर बोट ठेवायचं.

आधी ठरवा: तुम्हाला मावशी हवी आहे की सिस्टर?

अनेक घरांतली गडबड इथून सुरू होते. अंघोळ, डायपर, भरवणं, चालताना आधार, वेळेवर गोळ्या देणं हे केअरटेकरचं काम. इंजेक्शन, नाकातली नळी घालणं, कॅथेटर बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग हे नर्सचं काम. बिल कमी यावं म्हणून आपण केअरटेकर ठेवतो आणि मग "एवढं इन्सुलिन देऊन टाका ना" म्हणतो. यात चूक ब्युरोची असते तशी आपलीही असते.

'नर्स पाठवतो' असं ब्युरो म्हणाला, तर तिची शैक्षणिक पात्रता विचारा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्या प्रत्येकीकडे तो असायला हवा. पांढरा कोट म्हणजे नोंदणी नव्हे. केअरटेकरसाठी कौन्सिलची नोंदणी नसते, पण जनरल ड्यूटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे कौशल्य विकास योजनेतले अभ्यासक्रम आहेत. ते केलं असेल तर चांगलंच. नसेल तर दहा वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काम केलेल्या मावशी कधीकधी प्रमाणपत्रवाल्यांपेक्षा सरस असतात. फक्त अनुभव नेमका कुठला, हे विचारायला हवं.

ब्युरोला विचारायचे पाच प्रश्न

१. पेशंटला आधी कोण बघणार?
चांगली सेवा माणूस पाठवण्याआधी घरी येते, निदान सविस्तर फोन करते. वजन किती, स्वतः उठतात का, गिळताना ठसका लागतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, कोणती भाषा बोलतात. नव्वद किलोच्या आजोबांकडे बारीक चणीच्या मावशी पाठवणाऱ्या ब्युरोने यातला एकही प्रश्न विचारलेला नसतो. "बारा तास की चोवीस तास?" एवढंच विचारून दर सांगणाऱ्यापासून सावध राहा.

२. खाडा झाला तर काय?
"बदली देतो" हे सगळेच म्हणतात. पुढे विचारा: किती तासांत? बदलीवर येणाऱ्या व्यक्तीला आमच्या पेशंटची माहिती कोण देणार? न आलेल्या दिवसाचे पैसे कापले जाणार का? गेल्या गणपतीत तुम्ही काय केलंत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत जास्त सांगून जातं.

३. मावशी तुमच्या कर्मचारी आहेत, की तुम्ही फक्त नाव सुचवता?
काही ब्युरोंच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आम्ही फक्त ओळख करून देतो, पुढच्या कशालाही जबाबदार नाही. अशा सेवेचा पर्याय तुम्ही घेऊ शकता, पण मग महिन्याचं कमिशन नेमकं कशाचं, हे विचारायला हवं. ओळखपत्राची प्रत, पोलीस पडताळणी आणि आधीच्या एका घराचा संपर्क, या तीन गोष्टी पहिल्या दिवसाआधी हातात हव्यात, "दोन दिवसांत देतो" नको.

४. आम्ही देतो त्यातले मावशींच्या हातात किती पडतात?
हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण दर्जाचा सर्वांत चांगला अंदाज मला यातच दिसतो. समजा, तुम्ही दिवसाला १,००० रुपये देता. त्यातले ८०० मावशींना मिळत असतील तर त्या टिकतील. ५५० मिळत असतील, तेही दोन महिन्यांनी, तर पन्नास रुपये जास्त देणारा दुसरा ब्युरो मिळाला की त्या जातील. मावशी बदलल्या की आजींची चहाची वेळ, उजवा खांदा दुखतो म्हणून कुठून धरायचं, कोणती गोळी थुंकून टाकतात, हे सगळं पुन्हा शून्यातून सुरू होतं. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला तर दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा म्हणजे दर पंधरा दिवसांनी नवी भीती. ब्युरो आकडा सांगणार नाही कदाचित. मग एवढं तरी विचारा की पगार कोणत्या तारखेला होतो आणि महिन्याला किती सुट्ट्या भरपगारी आहेत. नंतर तेच मावशींना विचारा. दोन उत्तरं जुळली तर चांगलं लक्षण.

५. काही चुकलं तर कोणाला फोन करायचा?
चालक स्वतः महिन्यातून किती वेळा घरी येऊन बघते? तिच्याशिवाय दुसरा नंबर आहे का? आणि मावशींना काही त्रास झाला तर त्या कोणाला फोन करतात? या प्रश्नावर गोंधळणाऱ्या ब्युरोकडे तक्रार ऐकण्याची व्यवस्था नाही, असं समजा.

पहिल्या पंधरा दिवसांत काय पाहायचं?

घर चकचकीत दिसतंय, मावशी गोड बोलतात, यावर लगेच निष्कर्ष काढू नका. पुढच्या गोष्टी पाहा.

पाठ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज स्वतः बघा. दाबूनही न जाणारी लाली किंवा काळपट डाग ही बेडसोअरची सुरुवात असते. हवेची गादी असली तरी कूस बदलणं टळत नाही.

भरवण्याची पद्धत. आडवं झोपवून भरवलं जात असेल तर लगेच थांबवा. पेशंटला टेकवून बसवून, छोटे घास, आणि जेवणानंतर काही वेळ बसलेलंच ठेवणं ही साधी शिस्त आहे. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

वही. शंभर पानी वही पुरते. किती वाजता काय खाल्लं, किती पाणी, लघवी-शौच, औषधं, कूस कधी बदलली, आज वेगळं काय वाटलं. मावशींना लिहिणं जड जात असेल तर तक्ता करून द्या आणि खुणा करायला सांगा, किंवा व्हॉइस नोट चालेल. बदलीवर आलेल्या व्यक्तीसाठी ही वही म्हणजे निम्मी ओळख. सगळ्या खुणा संध्याकाळी एकाच पेनाने एकाच वेळी केलेल्या दिसल्या, तर मात्र बोलायला हवं.

गोळ्यांची पाकिटं. वही आणि पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या आठवड्यातून एकदा जुळवा. पेशंट दिवसा सतत झोपलेला असेल तर डॉक्टरांना कळवा.

आई-बाबांचं वागणं. मावशी जवळ आल्या की त्या गप्प होतात का, अंग चोरतात का? मावशी खोलीत नसताना त्यांना निवांत विचारा. बोलता येत नसेल तर चेहरा बघा.

कॅमेऱ्याचं काय? लावायचा असेल तर मावशींना आधी सांगून लावा, आणि अंघोळ-कपडे बदलण्याच्या जागी कधीच नको. त्या खोलीत आईचीही अब्रू असते, हे विसरायला होतं. आणि कॅमेरा हा अचानक दुपारी घरी येण्याला पर्याय नाही.

मावशींच्या बाजूने

देखभाल करणारी बाई स्वतः उपाशी, न झोपलेली किंवा घाबरलेली असेल तर दर्जा कुठून येणार? 'चोवीस तास' म्हणजे चोवीस तास जागं राहणं नव्हे. रात्री चार वेळा उठावं लागत असेल तर दिवसा झोपेची वेळ ठरवून द्या, नाहीतर रात्रीसाठी दुसरी व्यक्ती घ्या. जेवण कोण देणार, बसायची-झोपायची जागा कुठली, घरातली बाकी कामं करायची की नाही, हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे. पेशंटची मावशी आहे म्हणून सगळ्या घराची भांडीही तिनेच घासायची, हे ठरलेलं नसेल तर तो अन्याय आहे आणि तेवढा वेळ पेशंटचाच कमी होतो.

कायद्याच्या पातळीवर महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा आहे. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात घरही कामाची जागा मानलं आहे, आणि घरी काम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या संरक्षणासाठी कायद्याची चौकट तपासायला आंतरमंत्रालयीन समिती नेमा, असे निर्देश केंद्राला दिले. प्लेसमेंट एजन्सींकडून होणारं शोषण हा त्या प्रकरणातला महत्त्वाचा मुद्दा होता. तुमच्या आईची काळजी आणि मावशींचा पगार हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, ते यामुळेच.

मेडिक्लेममधून खर्च मिळतो का?

साधारणपणे नाही. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये अंघोळ, कपडे, हालचाल अशा रोजच्या कामांसाठी घरी घेतलेली देखभाल येते, मग ती नर्सकडून घेतलेली का असेना. काही पॉलिसींत घरी उपचारांचं कलम असतं, पण ते डॉक्टरांनी सांगितलेल्या, हॉस्पिटलला पर्याय म्हणून केलेल्या उपचारांसाठी. म्हणून सहा महिन्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून धरूनच हिशोब करा.

बिनसलं तर?

आधी लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर तारीख-वेळेसह लिहिलेला मेसेजही पुरावा असतो. पैसे शक्यतो यूपीआयने किंवा बँकेतून द्या आणि पावती घ्या. एका पानाचा का होईना करार करा: काम, वेळ, दर, बदली, सुट्टी, काम थांबवण्याची पूर्वसूचना आणि ॲडव्हान्स परत मिळण्याची अट.

ब्युरोने पैसे घेऊन ठरलेली सेवा दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोलता येईल. एक फरक लक्षात ठेवा: मावशींना तुम्ही थेट कामावर ठेवलं असेल तर तो सामान्यतः व्यक्तिगत सेवेचा करार ठरतो आणि या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

ज्येष्ठांना मारहाण, उपासमार, धमकी किंवा पैसे काढून घेण्याचा संशय असेल तर वाट पाहू नका. ११२ वर पोलिसांना कळवा. मदत आणि सल्ल्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

पुढच्या वेळी ग्रुपवर असा मेसेज आला की नंबरासोबत आणखी दोन ओळी लिहा: मावशी किती महिने टिकल्या, आणि त्या आल्या नाहीत त्या दिवशी ब्युरोने काय केलं. जिच्या आईला उद्या डिस्चार्ज मिळतोय, तिला 'खूप छान होत्या'पेक्षा या दोन ओळींचा उपयोग जास्त होईल.